ओटीतलं तिकीट

आता माझ्या फजितीचं काय सांगू तुम्हाला! हसाल, हसा. मी मात्र त्या दिवशी छोट्या गाडीत बसून धरणीला विनवत होते, की बाई, मला पोटात घे. आमची ग्वाल्हेरची छोटी गाडी इतकी सावकाश चालते, की धरणीला सवडही होती. पण तिनंही घेतलं नाही.

झालं असं, आमच्या बाळूला गोवर आला. ताप उतरेना, पोर डोळे उघडेना. सासूबाई टेकडीवरच्या देवीला बोलल्या, "पोर उठू दे, सूनबाई येऊन तुझी ओटी भरेल." पोर उठलं. जे उठलं ते अजून बसलेलं नाही! तेव्हा नवस फेडायला शुक्रवारी मी निघाले.

हे स्टेशनावर पोचवायला आले. जाण्यायेण्याचं तिकीट हातात देऊन म्हणाले, "नीट सांभाळ. काही गडबड करू नकोस."

एवढं बजावायला कारण होतं. यांची नोकरी दरबारच्या दफ्तरात, पण हंगामी. पक्की करायचा कागद साहेबांच्या टेबलावर, सहीसाठी. त्या दिवसांत घरात भांडं पडलं तरी वाटायचं, साहेबांना ऐकू गेलं असेल का?

तर तिकीट ठेवायचं कुठं? पदराच्या गाठी बाळू सोडतो. पिशवी उपसतो. शेवटी मला मोठी अक्कल सुचली! देवीच्या ओटीसाठी हिरवा खण घेतला होता, त्याच्या घडीत तिकीट सरकवून दिलं. देवीच्या वस्तूला कोण हात लावणार?

देवळात ही गर्दी! बाळू कडेवर, त्याला घंटा हवी, तो लाथा झाडतोय. मी कशीबशी ओटी भरली, डोकं टेकलं. गुरुजींनी माझ्या पदरात प्रसादाची ओटी घातली. नारळ, तांदूळ, हिरवा खण. खण पाहिला आणि जीव भांड्यात पडला. तिकीट जागच्या जागी!

गुरुजी म्हणाले, "बाई, ही थेट घरच्या देवापुढे सोडा. वाटेत गाठ सुटता कामा नये. लेकराचं आहे."

मी ती गाठ अशी आवळली, की माझी मलाच सुटली नसती.

परतीच्या गाडीत चेकर आला.

"टिकट दिखाइए, बाई साहब।"

"है ना! ओटी में है।"

"ओटी कहाँ है?"

मी मांडीवरची गाठ दाखवली.

"तो खोलिए।"

"नहीं खुल सकती।"

"क्यों, ताला लगा है?"

सगळा डबा हसला. मी माझ्या मोडक्या हिंदीत समजावू लागले, "देवी का है। घर जाके भगवान के सामने छोड़ते। बीच में छोड़ा तो लड़के को..." पुढं जीभ रेटेना. वरून चाचपून बघा म्हणणार होते, पण ओटी माझ्या मांडीवर! शिव शिव! जीभच चावली.

समोर आपल्यातल्याच एक म्हातारबाई होत्या, यजमान फौजेतले. त्या म्हणाल्या, "सोडू नकोस गं पोरी! आमच्या सुभेदारणीनं वाटेत सोडली होती. पुढं काय झालं ते विचारू नकोस."

"काय झालं हो?"

"विचारू नकोस म्हटलं ना!"

आता सांगा, यानंतर कोणती आई गाठ सोडेल?

कोपऱ्यातला एक लाला म्हणाला, "बाबूजी, ऐसे तो कल से सब देवी का नाम लेके मुफ़्त बैठेंगे।"

झालं! चेकरनं पेन्सिल काढून कागद लिहायला घेतला. बिनतिकीट प्रवास! मी, अमक्यांची सून! "पति कहाँ काम करते हैं?" मी शहाणीनं दफ्तर सांगितलं. आणि वर साहेबांचं आडनावही सांगून टाकलं. विचारलं होतं का त्यानं? नाही! पण घाबरले, की मला कुठं थांबावं ते कळत नाही.

ग्वाल्हेरला उतरल्यावर मात्र मी हिय्या करून स्टेशनमास्तरांपुढे उभी राहिले. मास्तर मराठी होते.

"मास्तर, मी चोर नाही! हा कागद मला कबूल नाही!"

"तिकीट ओटीत आहे, नक्की?"

"देवीशपथ!"

"मग घरीच सोडा. चेकर बरोबर येतील. निघालं तर कागद फाडतो. नाही निघालं, तर सोमवारी तुमच्या यजमानांच्या दफ्तरात जाईल."

म्हणजे साहेबांपुढे! पण मला कसली भीती? तिकीट तर होतंच!

टांगा निघाला. मागं मी, बाळू आणि ओटी. पुढं टांगेवाल्याशेजारी कोट-टोपीतला चेकर. फूलबागेवरून काय, सराफ्यातून काय, जो तो वळून बघतोय. गल्लीच्या तोंडाशी शेजारच्या काकू म्हणाल्याच, "अगंबाई, कुणाला धरून आणलं?" त्यांनी मला विचारलं की चेकरला, ते देव जाणे.

घरी हे नुकतेच आले होते. चेकरला पाहून यांच्या हातातला कप हातातच राहिला. मी थेट देवापुढे बसले. गाठ सोडली, खण उचलला आणि ऐटीत म्हटलं, "लो, देखो!"

खण उलगडला. काही नाही.

झटकला. काही नाही.

तांदूळ परातीत पसरून निवडले. नारळ कानाशी धरून हलवला. अहो, नारळात तिकीट कुठून जाणार? पण बुडत्या बाईला कोण सांगणार!

सासूबाईंनी खण हातात घेतला. "अगं, आपल्या खणाला लाल काठ होता. याला पिवळा आहे. हा आपला नव्हेच!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. एकीनं वाहिलेला खण गुरुजी दुसरीच्या पदरात प्रसाद म्हणून घालतात. मला माहीत नव्हतं का? लहानपणापासून पाहत आले! पण त्या क्षणी आठवायला नको?

चेकर म्हणाला, "तो टिकट किसके पास है?"

सासूबाई म्हणाल्या, "देवी के पास।"

त्यानं हात जोडले. "उनसे तो मैं पूछ नहीं सकता।" आणि गेला.

पुढचे दोन दिवस कसे काढले, विचारू नका. हे रागावले असते तर बरं वाटलं असतं. हे आपले परातीतले तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत बसले. मी मनात भांडीकुंडी बांधून माहेरी पोचलेसुद्धा.

सोमवारी यांनी ठरवलं, कागद पोचायच्या आधी आपणच साहेबांना सांगावं. सांगितलं. साहेब ऐकत होते. मध्येच म्हणाले, "खण हिरवा? लाल काठाचा?"

"हो, साहेब."

साहेबांनी शिपायाला बंगल्यावर पिटाळलं. थोड्या वेळानं तो रेशमी रुमालानं झाकलेलं तबक घेऊन आला. रुमाल उचलला, तर आत आमचं तिकीट! त्याला हळदकुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल!

साहेबांच्या बाईसाहेब शुक्रवारी माझ्या मागोमाग देवळात गेल्या होत्या. माझा खण त्यांच्या पदरात पडला. घरी उलगडला तर आत तिकीट! देवीनं बोलावणं धाडलं, असं म्हणून त्यांनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. मंगळवारी त्याच तिकिटावर निघणारही होत्या!

तिकीट पाहून स्टेशनमास्तरांनी कागद फाडला. संध्याकाळी हे घरी आले ते नोकरीचा पक्का हुकूम घेऊनच. मी देवापुढे साखर ठेवली. सासूबाईंचे डोळे भरले. म्हटलं, चला, माझ्यावरचा आळ धुऊन निघाला! साहेबांना सगळं पटलं!

"काय म्हणाले हो साहेब? माझ्याबद्दल काही म्हणाले?"

यांनी टोपी खुंटीला लावली.

"म्हणाले, तुम्हाला पक्कं करतो. पण दफ्तरातला एकही कागद घरी न्यायचा नाही."