तुळईला ऑइलपेंट

आमच्या उपकेंद्रात पीएच. डी. झालेले पाच जण होते. लाकूड ओळखणारा एकच. विद्यापीठाच्या कागदोपत्री कायतान लुद्रिक हा ‘इमारत देखभाल पर्यवेक्षक’. मालवणच्या वेशीबाहेरील त्या कौलारू, चिरेबंदी इमारतीची गळती, वाळवी, बिजागऱ्या आणि तुंबलेले संडास हे सारे त्याच्या एकट्याच्या माथी मारलेले होते. त्याचा बाप होड्या बांधणारा सुतार. त्यामुळे दर वर्षी शिमगा सरला की कायतान लाकडी हातोडी घेऊन शिडीवर चढे, प्रत्येक तुळई ठोकून तिला कान लावी आणि खडूने खूण करी. आम्ही विद्वान खालून हसत असू. “डॉक्टर आले,” कोणीतरी म्हणे.

१९८६ च्या मार्चमध्ये मोठ्या दालनाच्या मधल्या तुळईवर त्याने फुली मारली. त्याच दालनात एप्रिलात ऐंशी विद्यार्थी परीक्षेला बसणार होते. कायतानने मुंबईला विद्यापीठाकडे तीन पत्रे धाडली. उत्तरादाखल शाखा अभियंता परुळेकर आले, त्यांनी मान वर करून तुळई पाहिली आणि परीक्षेपूर्वी दालन शोभिवंत दिसावे म्हणून सर्व लाकडाला चॉकलेटी ऑइलपेंट देण्याचा हुकूम सोडला. फुली रंगाखाली गेली. दुरुस्ती झाली, असा शेरा फाइलवर पडला.

रंग वाळला आणि परुळेकर पाहणीला पुन्हा आले, तेव्हा कायतानने शिडीवरून पेचकस तुळईत खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

“हे भोक तुम्हीच पाडलंत,” परुळेकर म्हणाले.

“भोक माझा, साहेब. आतसून माती गळता ती कोणाची?”

“कायतान, तुम्ही होड्या ठोका. विद्यापीठाच्या इमारती आमच्यावर सोडा.”

“होडी बुडली तर माणूस पेवान तरी भायर येता. हय पोरा खंय पेवतली?”

छपराखाली पोहणारी पोरे डोळ्यांपुढे आणून आम्ही सारे हसलो. परुळेकरही हसले, आणि जेवायला सुरमई मिळेल का, अशी त्यांनी चौकशी केली.

परीक्षा सोमवारी होती. दालन बदलायचे तर मुंबईची परवानगी हवी, आणि ती मागायची तर तुळई कुजली आहे असे कोणीतरी लिहून द्यायला हवे. केंद्रप्रमुखांनी लिहिले नाही. शनिवारी कायतान स्वतः खरडलेला अर्ज घेऊन माझ्याकडे आला. त्यावर विभागप्रमुख म्हणून त्याला माझी सही हवी होती. मी अर्जाची भाषा सुधारून दिली. सही केली नाही.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून तो दोन गडी घेऊन छपरावर चढला. तिसऱ्या प्रहरापर्यंत दालनावरची सगळी कौले अंगणात थर लावून रचलेली होती आणि बाकांवर लख्ख ऊन पडले होते. केंद्रप्रमुख धावत आले.

“कायतान! हे काय केलंस?”

“पावसाआधी कौला परतूची, ह्या माझ्या कामाच्या यादीतच आसा. यंदा जरा लवकर काढलंय.”

त्या यादीत तारीख नव्हती. केंद्रप्रमुखांनी यादी दोनदा वाचली. सोमवारी परीक्षा शेजारच्या शाळेत झाली. परवानगी तासाभरात फोनवर मिळाली. गुरुवारी तुळई उतरवताना ती गड्यांच्या हातातच मोडली आणि आतून टोपलीभर वाळवीची माती सांडली.

आता तरी या माणसाचे आभार मानले जातील, असे वाटणाऱ्याला विद्यापीठ ठाऊक नाही. चौकशी समिती बसली. परुळेकर, केंद्रप्रमुख आणि मी. कौले काढल्यामुळे उन्हाने तुळई कमकुवत झाली, असा परुळेकरांचा निष्कर्ष होता. उन्हाने लाकडाची माती होत नाही, हे शाळकरी पोरालाही कळते. मी ते बोललो नाही. कायतानने क्षमापत्र लिहून द्यावे, अन्यथा देखभालीचे काम त्याच्याकडून काढून घ्यावे, असे ठरले.

त्याला आत बोलावले. त्याने ठराव ऐकला, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मेजावर ठेवला.

“ऐंशी पोरा सुखरूप घराक गेली,” तो म्हणाला. “त्याची माफी मी मागूचंय नाय.”

तो गेला. जुडग्यातली कोणती किल्ली कोणत्या दाराची, हे आम्हा तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. परुळेकरांनी ठरावाचा मसुदा पुढे सरकवला आणि आम्ही चहा मागवला.