तांदळातलं नाव

जर्मनीत लेकीचं बाळंतपण जानेवारीत होतं. डिसेंबरात तिची आई तिथे पोचायलाच हवी, असं आमच्या घरात ठरलं. जावयांनी व्हिसाच्या कागदांची यादी पाठवली. जन्मभर कारखान्यात मशिनींची ड्रॉइंगं वाचली, ही यादी ती काय, अशा तोऱ्यात मी बसलो आणि तिसऱ्याच ओळीवर अडलो. अर्ज करणारी बाई लेकीची आईच आहे, याचा पुरावा हवा होता.

लेकीचा जन्मदाखला होता, पण त्यावर तिच्या आईचं लग्नातलं नाव. बायकोचा पासपोर्ट मात्र तिच्या दहावीच्या सर्टिफिकेटवरून निघालेला, म्हणून त्यावर माहेरचं. कागदोपत्री माझ्या लेकीला जन्म देणारी बाई एक आणि विमानात बसणारी भलतीच!

घोळ माझाच. उज्जैनला आमचं लग्न लागलं तेव्हा ताटातल्या तांदळावर मी अंगठीने नवं नाव लिहिलं. मला ते आवडायचं, बस्स.

"माझं आहे तेच छान आहे, असं म्हणणार होते मी," आनंद नगरच्या आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता बायको म्हणाली. "पण सगळे टाळ्या वाजवत होते."

तिने हे आजवर कधी सांगितलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडतो. "हे नियम करणाऱ्यांना दुसरे उद्योग नाहीत," म्हणत मी यादी भिरकावली.

तिने ती उचलली, चष्मा लावला आणि शेवटपर्यंत वाचली. खाली लिहिलंच होतं: नाव बदललं असेल तर प्रतिज्ञापत्र आणि जुने पुरावे जोडा.

"तुम्ही अर्ध्यातच भांडायला उठता," ती म्हणाली.

लग्नपत्रिकेत जुनं नाव सापडलं, कारखान्याच्या मेडिकल बुकात माझी बायको म्हणून नवं. ते घेऊन आम्ही कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे गेलो. त्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"अंकलजी, ये दोनों मैडम एक ही हैं ना?"

"एक ही हैं भैया, और एक ही भारी पड़ती है."

तो हसला. बायको हसली नाही. मान खाली घालून तिने आधी एका नावाने सही केली, मग दुसऱ्या.

दिल्लीला जाऊन अर्ज दिला. मग रोज कुरिअरची वाट. नोव्हेंबर संपत आला तशी माझी झोप उडाली. माझ्या त्या हौसेपायी लेक तिकडे बाळंतपणात आईविना राहिली असती.

शेवटी लिफाफा आला. दारातच फोडला. व्हिसा होता! तिच्या फोटोशेजारी तिचं माहेरचं नाव छापलेलं. इतक्या वर्षांत मी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी जिन्यातूनच त्या नावाने हाक मारली.

एरवी माझ्या तीन हाका वाया जातात. या वेळी पहिल्या हाकेलाच वरून ओ आली.