बसा, बघू

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही — आणि तिला मी दिवसभर काय काय ऐकवतो हे तुम्हाला कळलं, तर तुम्ही तिच्यासाठी हळहळाल. गप्पा मारणं हा माझा धंदाच आहे. लोणावळ्याच्या हॉटेलांत सरकारी खात्यांची, बँकांची, तळेगावकडच्या कारखान्यांतल्या ऑफिसवाल्यांची प्रशिक्षणं भरतात — काम लवकर कसं उरकावं, चुका कशा टाळाव्यात — आणि त्यांत जेवणानंतरचं सत्र हमखास माझं असतं. श्रीखंड-पुरी चेपून बसलेल्या माणसांना जागं ठेवणारा म्हणून माझं नाव आहे. आहे म्हणजे आहे, उगाच लाजायचं कशाला?

माझा हुकमी एक्का म्हणजे एका संथ कारकुनाची नक्कल. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणायचा. तपकिरीची चिमूट ओढायची. सासरी निघालेल्या लेकीकडे बघावं तसं समोरच्या कागदाकडे बघायचं. मग एक लांब सुस्कारा, आणि — "बसा, बघू."

एवढंच. सगळा हॉल हसून लोळतो. एका कारखान्याच्या ऑफिसात तर 'बसा, बघू' अशी पाटी करून तिच्यावर लाल फुली मारून लावली आहे, इतकी ती नक्कल चालली. 'तुमच्याकडचं बसा-बघू कोण?' असं लोक एकमेकांना विचारतात.

तुम्ही म्हणाल, यात कबूल करण्यासारखं काय? थांबा जरा — आधी हशा घेऊन टाकायचा, ही माझी जुनी खोड.

तो कारकून खरा होता. त्यांचं नाव किसनभाऊ. सत्रात मी त्यांना 'तो' म्हणतो. इथे 'ते' म्हणतो.

मावळातल्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी होती, दाखल्यांच्या खिडकीपाशी. ते माझ्याहून बरेच मोठे, मळवलीहून यायचे. संथ होते, हे काही मी रचलेलं नाही. आल्यावर आधी भाताच्या खाचरात पाणी किती चढलं ते सांगणार, मग चहा, मग ज्याचा कागद असेल त्याच्या सगळ्या सोयऱ्यांची चौकशी. दुपारी पेंगायचेसुद्धा. आणि मी? मी वाऱ्यासारखा.

तेव्हा साहेबांनी गतिमान कारभाराची मोहीम काढली होती. भिंतीवर मोठा फळा. रोज संध्याकाळी प्रत्येक टेबलाचे निकाली निघालेले कागद हिरव्या खडूने, तुंबलेले लाल खडूने. ज्याच्या नावापुढे लाल जास्त, त्याला लोकांसमोरचं टेबल मिळणार नाही, असंही त्यांनी सांगून टाकलं होतं. माझ्या नावापुढे नुसती हिरवळ. भाऊंच्या नावापुढे लालच लाल.

मला इतका वेग कसा यायचा? सांगतो. मी कागद वाचतच नव्हतो. इंदुरीच्या शेवंताबाईंना मी दाखल्यात शांताबाई करून टाकलं. लेकीच्या फी-सवलतीसाठी त्यांनी तो नेला, तर कॉलेजने परत पाठवला. बाई पुन्हा आमच्या खिडकीशी आल्या, माझ्याकडे एकदा बघितलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "त्या पळत्या सायबाकडं न्हाई जायाचं. भाऊंकडं बसते मी."

अशा कितीतरी. माझ्याकडून बिघडलेले सगळे भाऊंकडे. म्हणजे नवा अर्ज, भाऊंच्या टेबलावर. गंमत बघा — माझी एकच चूक फळ्यावर दोनदा लागायची. एकदा माझ्या नावापुढे हिरवी, काम म्हणून. एकदा त्यांच्या नावापुढे लाल, दिरंगाई म्हणून.

गंमत म्हणालो ना मी? बघा, अजून तोंडातून जात नाही.

मला हे माहीत होतं का? होतं. भाऊंना? त्यांनाही. एकदा माझाच दाखला माझ्या नाकासमोर नाचवत म्हणाले, "तू लिव, मी पुसतो. आपली जोडी झ्याक हाय." त्यांनी साहेबांना सांगितलं नाही. मी सांगेन असं त्यांना वाटलं असेल का? कोण जाणे. त्यांना फक्त ती खिडकी हवी होती. म्हणायचे, "निवृत्तीपातूर हितंच ऱ्हाऊ दे मला. माणसं दिसली न्हाईत तर दिस सरत न्हाई रं."

मग ती बैठक झाली. साहेबांनी फळ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना विचारलं, किसनभाऊंचं टेबल एवढं का तुंबतं? भाऊंनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही — आता हा बोलेल, अशा नजरेने. आणि खरंच, मला एकच वाक्य म्हणायचं होतं. साहेब, त्यातले बरेच कागद माझे आहेत. बस, एवढंच. उठलोसुद्धा होतो.

उठलो — आणि चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. चिमूट ओढली. सुस्कारा टाकला. "बसा, बघू."

ती नक्कल मी पहिल्यांदा केली ती तिथे. सगळे हसले, साहेब तर डोळे पुसायला लागले. भाऊही हसले. हे मला पुढे फार सोयीचं झालं — ते स्वतःच हसले होते ना? मग?

त्यांना मागच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तिथे कुणी येत नाही. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. मी मात्र त्या नकलेच्या जोरावर आधी साहेबांच्या मर्जीत गेलो, मग प्रशिक्षणाला पाठवला गेलो, मग स्वतःच प्रशिक्षण द्यायला लागलो. गुणवत्तेचं.

गेल्या पावसाळ्यात मळवलीच्या एका बंगल्यावर असंच सत्र होतं. नक्कल ऐन रंगात आलेली, चिमूट नाकापाशी — आणि दारात भाऊ. हातात चहाची किटली. त्या बंगल्याची देखरेख आता तेच करतात, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

मी थांबलो का? नाही. पूर्ण केली. हशाही झाला.

सगळे चहाला पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. कप माझ्या हातात देत म्हणाले, "आवाज जमलाय. पर मी आदी खुर्ची वढायचो रं. ती खाल्लीस तू." आणि वर, "चा घे, निवतोय." बस. दुसऱ्यांना द्यायला गेले.

खरं होतं ते. खिडकीशी माणूस उभं दिसलं की ते उठायचे, त्याला आत घ्यायचे, भिंतीकडची लाकडी खुर्ची फरशीवरून करकरत ओढून आणायचे आणि म्हणायचे, बसा. मग स्वतः बसायचे आणि म्हणायचे, बघू. आणि बघायचे. अख्ख्या कचेरीत आलेल्या माणसाला खुर्ची मिळायची ती त्या एका टेबलाशी. मी इतकी वर्षं त्यांची नक्कल केली — चष्मा घेतला, तपकीर घेतली, सुस्कारासुद्धा घेतला. खुर्ची तेवढी घेतली नव्हती.

मग मी काय केलं? त्यांच्या पाया पडलो? सगळ्यांना परत बोलावून खरं सांगितलं? मी चहा प्यायलो. चांगला होता, आलं घातलेला.

पुढचं सत्र कुसगावच्या एका हॉटेलात होतं. जेवणानंतरचं. मी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, चिमूट ओढली — आणि मग कडेची एक खुर्ची फरशीवरून करकरत, अगदी सावकाश, पार मधोमध ओढून आणली. "बसा," म्हणालो. थांबलो. "बघू."

इतका हशा मला आजवर कधी मिळाला नव्हता.

आता दर वेळी ओढतो.