तिसऱ्या भागात अर्ज येत नाहीत

तिसरा भाग वाईट आहे. चित्रं सुंदर, लढाया सरस, थंडीत नदी गोठली की फौज वरून चालत पलीकडे जाते, सगळं मान्य. तरी वाईट. नगरं वसवून राज्य चालवायच्या या कम्प्युटर गेमची मी शाळेपासूनची चाहती. पहिले दोन भाग पाठ आहेत, म्हणून बोलते.

आधीच्या भागांत रयत चिडली की अर्ज यायचा. ‘विहीर आटली.’ ‘कोठाराचा पहारेकरी धान्य चोरतो.’ तो वाचल्याशिवाय पुढची खेळीच करता येत नसे. राजधानीत, लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी आणि बाबा आळीपाळीनं खेळायचो. बाबा केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. खेळातही त्यांनी ऑफिस आणलं. अर्ज मी मोठ्यानं वाचायचा, त्यांनी वहीत शेरा मारायचा, मगच उत्तर.

“बाबा, गेम आहे यार!”

“असू दे. अर्ज न वाचता निकाली काढायचा नसतो, बेटा.”

पत्रक लिहायला मी त्या वहीतून शिकले. तक्रार काय, कोणाची, मागणी काय.

तिसऱ्या भागात अर्जच नाहीत. नगरावर नारिंगी ठिपका उमटतो. क्लिक केलं की लोकांना भडकवणाऱ्याचा चेहरा दिसतो आणि खाली एक बटण: ‘हटवा’. तो का भडकला, कुठंच लिहिलेलं नाही. ज्यांनी हा बदल केला त्यांना लाज वाटायला हवी.

एका रविवारी दुपारी मी हा भाग खेळत होते. शेजारी उद्या छापायला द्यायचं हिंदी पत्रक पडलं होतं. एका वस्तीचं पाणी तोडलं होतं, त्याबद्दल. अशी पत्रकं काढून वाटणाऱ्या आमच्या गटाचा नियम आहे, पत्रकाखाली एकाचं खरं नाव हवं. निनावी कागदाला लोक अफवा म्हणतात. या वेळी पाळी माझी होती. ती ओळ कोरी होती. कारण मागच्या पत्रकाखाली जिचं नाव होतं, तिच्या घरी दोन माणसं आली होती. वडील कुठल्या ऑफिसात आहेत, एवढंच विचारून गेली. आवाज चढवला नाही, काही नाही.

ठिपके येत होते. पहिल्याला मी चिडून ‘हटवा’ केलं, कारण दुसरा मार्गच ठेवलेला नाही. मग दुसऱ्याला. थोड्या वेळानं लक्षात आलं, मी चेहरे बघणं कधीच सोडलंय. मी, पत्रकं वाटणारी, आणि मला एवढासाच वेळ लागला. त्या दोन माणसांना किती लागत असेल?

तेवढ्यात बेल वाजली. मी जागची हलले नाही. पुन्हा वाजली.

“अगं, दार उघड! हातात भाजी आहे.” बाबाच होते.

पिशवी ठेवून ते स्क्रीनपाशी आले. “अर्ज कुठेत?”

“नाहीत. ठिपका दिसतो, तो काढायचा.”

“वाचायचं काय मग?”

“काही नाही.”

त्यांनी पत्रक उचललं आणि जुन्या सवयीनं मोठ्यानं वाचलं. दोन ठिकाणी चूक सांगितली. कोऱ्या ओळीपाशी थांबले. “इथं नाव?”

“माझं. पण ते लोक वडिलांचं ऑफिस विचारतात, बाबा.”

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. घाबरले होते, मला कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांना. शेवटी त्यांनी पेन घेतलं, समासात लहान अक्षरात लिहिलं, ‘वाचले’, आणि कागद माझ्याकडे सरकवला.

“बिल्कुल बरोबर लिहिलंयस. आता तुझं तू बघ.”

मी नाव लिहिलं.

सोमवारी पत्रक छापून वाटलं गेलं. त्या गेमला मी पुन्हा हात लावला नाही. आता बेल वाजली की आम्ही दोघंही उठतो, आणि दाराशी जाऊन दोघंही आधी ऐकतो.