इंडियमची रांग आणि दारातला टँकर

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिरूर कासारच्या आमच्या किराणा दुकानात परदेशी थंड पेयं ठेवली होती, पण लेकीचं लग्न जुन्याच पद्धतीनं ठरवत होते. मी पुण्यात पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला. मला बघायला आलेल्यांची अट एकच, शिक्षण सोडायचं. आप्पा त्यावर अवाक्षर बोलले नव्हते आणि मला त्यांचा भयंकर राग आला होता.

पोह्यांच्या बशा फिरल्या आणि गल्लीत टँकर आला. अशा वेळी आमच्याकडे पाहुण्यालाही उठावंच लागतं. टँकरपासून हौदापर्यंत रांग लागली : मुलगा, त्याचे वडील, त्याची आई, मी, आमची आई आणि हौदाशी आप्पा. घागरी हातोहात सरकू लागल्या, माझी नवी साडी चिंब झाली आणि मला हसू आवरेना.

"काय शिकतीस गं पोरी?" घागर देताना मुलाच्या आईनं विचारलं.

"हेच की!" मी म्हणाले. सिलिकॉनवर इंडियम नावाच्या धातूचे अणू असेच रांगेनं बसतात, आणि त्या अतिसूक्ष्म तारेतून वीज अशीच पुढं सरकते. पण खूप थंड केलं, की अणू दोन-दोन करून जवळ सरकतात आणि वीज अडते.

"एवढ्यानं अडती? पटत न्हाई."

झालं! मला चेवच चढला. मी रांगेतल्या सगळ्यांना दोघं-दोघं जवळ सरकायला लावलं. मुलगा वडिलांना चिकटला, त्याची आई मला, आमची आई आप्पांना. जोड्यांच्या मधे ही मोठी फट. मुलाच्या वडिलांनी घागर लांबवली, मुलाच्या आईचा हात पुरला नाही, आणि अख्खी घागर त्यांच्या पायांवर!

"आरं, पाणी!" गल्ली ओरडली. त्या मात्र हसून हसून ओट्यावर बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "पर त्या अणूंचं असं कावून हुतं?"

"नक्की कुणालाच ठाऊक नाही. तेच शोधतेय."

त्यांचं हसू थांबलं. "आन् ते अर्धवट टाकून येनार व्हय आमच्यात?"

मी तोंड उघडायच्या आत हौदाकडून आवाज आला.

"न्हाई येत ती," आप्पा म्हणाले. "आदी तिचं पुरं हुंद्या."

भर गल्लीत, ओल्याचिंब साडीत, मी आप्पांच्या गळ्यात पडले.