मनगटावरची जर्मन घडी

शिरपूरच्या बसस्टँडजवळ माझं घड्या दुरुस्तीचं दुकान आहे. गावाबाहेर मळा असलेला एक म्हातारा दर बाजाराच्या दिवशी मेथीच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या विकून झाल्या की माझ्याकडे यायचा. मातीनं काळ्या पडलेल्या मनगटावर जर्मनीची घडी. तिकडे नोकरीला असलेल्या लेकीनं दिलेली.

"पाच-सात मानसं हातानं बनवतात म्हने. त्याईचं गाव आपल्या शिरपूरएवढंही नाही," हे तो दर खेपेला सांगायचा. मी काच पुसून द्यायचो, तेवढंच काम.

एका सकाळी त्याचा थोरला मुलगा मोटरसायकलवर आला. "बाबा गेले. हत्यारं घेऊन चला."

हत्यारं कशाला, ते घरी गेल्यावर कळलं. आजारपणात म्हाताऱ्याचे हातपाय सुजले होते आणि घडीचा स्टीलचा पट्टा मनगटात रुतला होता. दोघा भावांनी साबण लावून आधी ओढून पाहिलं होतं. कातडी सोलली होती, तिच्यावर फेस वाळला होता.

"पट्टा तोडजा नोका," धाकटा म्हणाला. "ओरखडा पडला तं किंमत जाते. ताई उद्या पोचते. तिले सांगू, घडी बाबासंगच गेली."

मी म्हाताऱ्याजवळ बसलो. पिन काढण्यासाठी तो थंड हात मांडीवर घ्यावा लागला. पट्टा सुटल्याबरोबर थोरल्यानं बापाच्याच धोतराला घडी पुसली आणि उजेडात धरून ओरखडे शोधू लागला. सोललेल्या मनगटाकडे कोणी पाहिलं नाही.

त्याहून घाण मी वागलो. घडी मागून घेतली. इतक्या वर्षांत मागची बाजू नीट पाहिली नव्हती. काचेखाली हातानं कोरलेली बारीक वेलबुट्टी, निळे स्क्रू, हलकेच मागेपुढे होणारं चाक. बाहेर तिरडी बांधणं चाललं होतं आणि माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. ते आठवलं की अजून तोंड कडू होतं.

आठवड्यानं लेक दुकानात आली. "घडी खरंच बाबासंग जळाली काय?"

मी सांगितलं. कोणी बोलावलं, कोण काय म्हणालं, घडी कोणाच्या खिशात गेली, सगळं. उठताना ती म्हणाली, "काढतानी बाबाच्या हाताले लागलं काय?"

"नाही," मी म्हणालो.

भावांकडे तिनं घडी मागितली की नाही, मला माहीत नाही. महिन्याभरानं थोरलाच ती घालून आला. पट्टा ढिला होत होता, दोन कड्या कमी करून पाहिजे होत्या.

"मी नाही करत," मी म्हणालो.

"काहून? बाबाच्या हातची तं काढली तुमी."

मी त्याला पायरी उतरायला सांगितलं आणि तो गेल्यावर साबणानं हात धुतले.