वाड्याचं पाणी सोडलेली सुगंधाबाई

तुळशीपुढचं सारवण अर्धं झालं आणि घमेल्यातलं पाणी संपलं. शेणाचे हात कुडाला पुसले, पाण्याचा गुंड काखेत घेतला आणि मी विहिरीवर गेले. ओट्यावर बायांचा आवाज नव्हता, तेव्हाच समजलं की काहीतरी बिनसलेलं आहे. वर पाहते तर वाड्याच्या मालकीण, मालगुजारीणबाई, स्वतः दोर ओढत होत्या. पायात चपला तशाच. विहिरीच्या ओट्यावर आमच्याकडे कोणी चपला घालून चढत नाही.

बाजूला सुगंधाबाई ढिवरीण आपला गुंड भरून उभी होती. जायची घाई तिला दिसत नव्हती.

सुगंधाबाई वैनगंगेपलीकडची. कोलूची बायको होऊन ती गावात आली, तेव्हा सासूने नव्या सुनेला आधी मारुतीच्या देवळात न्यायला हवं होतं. तिने नेलं वाड्यावर. पडवीतले रांजण दाखवले आणि म्हणाली, हे भरायचे. ढिवरांना मालगुजाराच्या तलावात जाळं टाकायला मिळे, शिंगाडे काढायला मिळत, म्हणून त्यांच्या बायांनी वाड्याचं पाणी भरायचं, असा तो रिवाज होता. तो कोणी ठरवला, ते सांगणारं कोणी उरलेलं नाही. अंगात ताप असो की पोटात मूल, रांजण रिकामा दिसता कामा नये. तिच्या हातच्या पाण्याने वाड्यातल्या देवांना आंघोळ होई. ती स्वतः मात्र पडवीच्या आत कधी गेली नाही. मी रोज देवपूजा करणारी बाई आहे. देवाला हे पटत असेल असं मला कधी वाटलं नाही.

मग सरकारने मालगुजारांची जमीनदारी मोडली. कोतवालाने दवंडी दिली की तलाव आता सरकारचा. बाकीच्या ढिवरणी दवंडी ऐकून दुसऱ्या सकाळी पुन्हा वाड्यावरच गेल्या. सुगंधाबाई गेली नाही. वाड्यावरून पत्रू गडी बोलवायला आला तर म्हणाली, "तलाव त्यायचा नाई राह्यला, तं रांजण माहा कसा राह्यला?"

दुपारी कोलूचं जाळं तलावाच्या पाळीवर वाळत होतं. मालगुजाराची माणसं ते उचलून घेऊन गेली. पाणी सुरू कर, जाळं घेऊन जा, असा निरोप आला. त्या घरात दुसरं जाळं नव्हतं. कोलू रोज वाड्यावर जाऊन उंबऱ्यापुढे डोकं टेकवी आणि हात हलवत परत येई. सुगंधाबाई भाकरी वाढताना त्याला म्हणे, "पाय धुऊन आला का त्यायचे? काऊन, पाणी नाई भेटलं का?" शेजारच्या कुडाआडून आम्हाला सगळं ऐकू येई. तिची जीभ पहिल्यापासून अशीच आहे. माझंही तिच्याशी दोनदा वाजलेलं आहे.

तिचं पाहून बाकीच्या ढिवरणींनीही वाडा सोडला. भांडल्या नाहीत, फक्त एकेक करून माहेरी निघून गेल्या. नेमकं तेव्हाच वाड्यावर मुलीचं लग्न निघालं. गुरांचं पाणी पत्रू भरत होता, पण देवकाचं पाणी गड्याने आणलेलं चालत नाही. ते ढिवरणीने आणावं, नाहीतर घरच्या सवाशिणीने. म्हणून आज मालगुजारीणबाईंना ओट्यावर चढावं लागलं होतं.

गुंड कसाबसा भरला. पण भरलेला गुंड एकटीने डोक्यावर चढत नाही. त्यांनी पाण्याला आलेल्या गिरजाकडे पाहिलं. गिरजा दोराची गाठ सोडवत बसली. गाठ नव्हतीच दोराला.

सुगंधाबाई पुढे झाली. "वाका थोडं," ती म्हणाली. "अन् चुंबळ कुठी आहे?"

"नाही आणली."

"पदराची करा. आमी तसंच करतो."

बाईंनी पदराची चुंबळ केली. सुगंधाबाईने गुंड उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवला, नीट बसला का पाहिलं आणि हात काढला. बाई तशाच ओट्यावरून उतरू लागल्या.

"मालकीणबाई, माहा गुंड राह्यला."

बाई थांबल्या. मानेला वळता येत नव्हतं, म्हणून अख्ख्या वळल्या.

आमच्या विहिरीवर एक रीत आहे. जिने तुला गुंड उचलून दिला, तिचा तू उचलून द्यायचा, मगच निघायचं. बोलणं बंद असलेल्या जावाही ओट्यावर ही रीत पाळतात, तोंड फिरवून का होईना. वाड्यावरच्या बाया कधी विहिरीवर आल्याच नाहीत, त्यामुळे त्यांना ही रीत लागू पडेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं.

"गिरजा देईल तुला," बाई म्हणाल्या.

"गिरजाले मी नाई देल्ला. तुमाले देल्ला."

"सुगंधे, तू कोणाशी बोलतेस?"

"जिच्या डोक्यावर गुंड ठेवला तिच्यासंगच बोलून राह्यलो, बाई."

गिरजा हसली आणि हसू पदरात लपवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणब्याची, पोथी वाचणारी, संक्रांतीला वाड्यावर वाण घेऊन जाणारी. मी सुगंधाबाईला दटावीन असं त्यांना वाटलं असावं.

"उचलणं परत नाही केलं तर ते पाणी देवाले चालत नाई, बाई," मी म्हणाले. "देवकाचं आहे म्हणून मी सांगून राह्यली."

ते खरंच आहे. माझ्या सासूने मला तसंच शिकवलं.

बाईंचा चेहरा तांबडा झाला. त्यांनी गुंड स्वतःच खाली उतरवला, अर्धं पाणी लुगड्यावर आलं. मग सुगंधाबाईच्या गुंडाला दोन्ही हात घातले. तोंड असं केलं होतं जसं जळतं लाकूड उचलताहेत. सुगंधाबाई आपली चुंबळ नीट करत उभी राहिली. वाकायला तिने जरा वेळ लावला, हेही मी पाहिलं. गुंड तिच्या डोक्यावर बसला.

"मातल्या आहेत ढिवरणी," बाई म्हणाल्या.

"मातली असतो तं उचलूनच नसता देल्ला," सुगंधाबाई म्हणाली आणि मागे न पाहता उतरली.

बाईंचा गुंड ओट्यावर होता. पुन्हा कोणी पुढे झालं नाही. मीही नाही झाले. त्यांनी तो काखेत घेतला आणि वाड्यापर्यंत वाटभर पाणी सांडत गेल्या.

सांजवात लावत होते तेव्हा पत्रू ढिवरांच्या आळीत आला. खांद्यावरचं जाळं त्याने कोलूच्या दारात टाकलं. विळ्याने जागोजागी कापलेलं होतं, एक हातभरही सलग नव्हतं.

"मी नाई कापलं," पत्रू म्हणाला. "मले फक्त टाकून यायले सांगतलं."

"टाकलं ना? मंग जाय," सुगंधाबाई म्हणाली.

कोलू तुकडे मांडीवर घेऊन बसला. "एका गुंडापायी जाळं गेलं," तो म्हणाला. "बापाच्या हातचं होतं. उचलून देल्लं तं देल्लं, परत कायले मांगतलं?"

"जाळं त्यायच्या गोठ्यात होतं, तवा तू त्यायच्या उंबऱ्यावर होता," ती म्हणाली. "आता त्यायच्याजवळ आपलं काय आहे? सांग ना. काई आहे?"

कोलूने मांडीवरचा एक तुकडा उलटून पाहिला.

"तलावावर कोण अडवते ते मी पाहीन. तू जाळं विण."

ती त्याच्यासमोर बसली आणि जाळ्याच्या काठाला वजनासाठी बांधलेल्या भाजलेल्या मातीच्या गोळ्या एकेक सोडवून सुपात टाकू लागली. त्या फुटलेल्या नव्हत्या, नव्या जाळ्याला चालतील. मग त्यानेही एक गोळी सोडवली.

सकाळी तुळशीपुढचं राहिलेलं सारवण करत होते, तेव्हा ती दारावरून गेली. डोक्यावर वाळलेल्या मासोळ्यांची टोपली होती.

"कुठी वो, सुगंधाबाई?"

"मूल गावच्या बाजारात," ती म्हणाली. "जाळ्याचं सूत आणाले."